बंद झालेल्या भागाची दुसरी नावं: जुन्या फोर-व्हील ड्राइव्हचा गिअरबॉक्स बांधताना सुटे भाग कसे शोधावेत

"हा भाग आता येत नाही." जुन्या जीपचा, लँड रोव्हरचा किंवा लँड क्रूझरचा गिअरबॉक्स उघडून बसलेल्या माणसाच्या कानावर हे वाक्य लवकरच पडतं. नवखा माणूस ते ऐकून गार होतो आणि खोललेला गिअरबॉक्स वर्षानुवर्षं पोत्यात पडून राहतो. म्हणून आधी या वाक्याचा अर्थ नीट समजून घेऊ. गाडीच्या कंपनीने एका विशिष्ट क्रमांकाखाली तो भाग पुरवणं थांबवलं आहे, एवढंच ते सांगतं. भाग जगातून संपला, असा त्याचा अर्थ होत नाही. त्याच भागाला बेअरिंग बनवणाऱ्याचा वेगळा क्रमांक असतो, गिअरबॉक्स बनवणाऱ्याचा वेगळा, त्याच गिअरबॉक्सवर चालणाऱ्या दुसऱ्या गाडीचा वेगळा, कधी सैन्याच्या साठ्यातला वेगळा. आणि यातलं काहीच हाती लागलं नाही तरी त्याची मापं असतातच. शोध घ्यायचा तो या दुसऱ्या नावांचा.

आधी गिअरबॉक्सची ओळख पटवा

गाडीच्या कागदावर जे साल आहे, त्याच सालचा गिअरबॉक्स खाली बसलेला असेल असं धरून चालू नका. चाळीस-पन्नास वर्षांच्या गाडीत कधीतरी कुणीतरी दुसरा गिअरबॉक्स बसवलेला असण्याची शक्यता मोठी आहे. त्यामुळे गाडी विसरा आणि गिअरबॉक्सच्या अंगावर काय लिहिलंय ते वाचा. बाहेरची मळी तारेच्या ब्रशने आणि रॉकेलने साफ करा. ओतीव लोखंडावर उठावदार अक्षरं असतात, तो ओतकामाचा क्रमांक. ठोकून उमटवलेला अनुक्रमांक वेगळा असतो. काहींवर धातूची छोटी पट्टी असते. सगळ्याचे फोटो काढा. अक्षरं पुसट असतील तर वर खडू घासा, म्हणजे उठून दिसतात.

ओतकामाच्या क्रमांकाबद्दल एक इशारा. तो फक्त त्या कवचाचा क्रमांक असतो. एकाच कवचात कारखान्याने वेगवेगळे गिअर बसवलेले असू शकतात. बोर्ग-वॉर्नरचा टी-१८ हा चार गिअरचा दणकट गिअरबॉक्स जीपमध्येही आला, फोर्डमध्येही आणि इंटरनॅशनलमध्येही. त्याच्या पहिल्या गिअरचं गुणोत्तर, म्हणजे मागचा शाफ्ट एकदा फिरायला इंजिनाचे किती फेरे लागतात तो आकडा, कुठे ६.३२ आहे तर कुठे ४.०२. विलीज जीपच्या टी-९० मध्येही 'ए' आणि 'सी' असे प्रकार आहेत आणि त्यांच्या पहिल्या गिअरचं गुणोत्तर वेगळं आहे. म्हणून झाकण उघडल्यावर दाते मोजायचेच. इनपुट शाफ्टच्या (इंजिनाकडून फिरणाऱ्या दांड्याच्या) गिअरचे दाते, त्याला जोडलेल्या ले शाफ्टच्या (खालच्या मधल्या दांड्याच्या) गिअरचे दाते, मग मेन शाफ्टवरच्या (चाकांकडे फिरणं नेणाऱ्या दांड्यावरच्या) प्रत्येक गिअरच्या जोडीचे. वहीत लिहा. पहिल्या गिअरचं गुणोत्तर काढायला ले शाफ्टच्या मोठ्या गिअरच्या दात्यांना इनपुटच्या दात्यांनी भागा, मेन शाफ्टवरच्या पहिल्या गिअरच्या दात्यांना ले शाफ्टवरच्या त्याच्या जोडीदाराच्या दात्यांनी भागा, आणि दोन्ही उत्तरांचा गुणाकार करा. आलेला आकडा माहितीपुस्तिकेशी ताडून पाहिला की तुमच्यासमोर नेमकं काय आहे याबद्दल शंका उरत नाही.

लँड रोव्हरच्या सीरिज गाड्यांत अनुक्रमांकाच्या शेवटी एक अक्षर येतं. ते अक्षर म्हणजे कारखान्याने मधल्या काळात आत केलेल्या बदलाची खूण. ते न लिहिता भाग मागवला तर चुकीचा भाग येण्याची शक्यता जास्त. सीरिज वन, टू आणि टू-ए मध्ये सिंक्रो, म्हणजे गिअर टाकताना दोन भागांचा वेग जुळवणारी यंत्रणा, फक्त तिसऱ्या-चौथ्याला आहे. १९७१ च्या सीरिज थ्रीपासून पुढच्या चारही गिअरना सिंक्रो आला. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही गिअरबॉक्स सारखेच वाटतात, आतलं सामान मात्र बरंच बदललेलं आहे.

सारख्या नावाने फसण्याचा माझा स्वतःचा अनुभव सांगतो. पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी म्हणजे ट्रान्स्फर केस. जुन्या जीपचा ट्रान्स्फर केस, स्पायसर १८, गिअरबॉक्सच्या मागेच बसतो आणि तो त्याच्याबरोबरच उघडावा लागतो. त्यातला मधला गिअर ज्या दांड्यावर फिरतो, तो दांडा काळानुसार तीन जाडीत आला: पाऊण इंच, सव्वा इंचाला एक सूत कमी म्हणजे १ १/८ इंच, आणि १ १/४ इंच. मी फक्त नाव सांगून भाग मागवला आणि १ १/८ इंचाचा आला. माझ्या कवचाचं भोक १ १/४ इंचाचं होतं. कॅलिपर लावायला एक मिनिट लागलं असतं. त्या दिवसापासून माप घेतल्याशिवाय मी काहीच मागवत नाही. त्याच ट्रान्स्फर केसमध्ये गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसणारा गिअरही २६ दात्यांचा आणि २९ दात्यांचा अशा दोन प्रकारांत येतो, तेही मोजूनच ठरवा.

खोलताना काहीही फेकू नका

फुटलेली रिंग, चेपलेला वॉशर, तुकडे झालेलं बेअरिंग, सगळं ठेवा. बंद झालेल्या भागाचा एकमेव नमुना अनेकदा तो तुकडाच असतो. बेअरिंगचे तुकडे झाले असले तरी बाहेरच्या कड्यावर क्रमांक शाबूत असतो. थ्रस्ट वॉशर (शाफ्टच्या दिशेचा रेटा घेणारी चकती) अर्धा झिजला असला तरी ज्या भागावर घर्षण होत नाही, उदाहरणार्थ त्याची शेपटी किंवा कडा, तिथे मूळ जाडी मिळते.

शाफ्टवरचे भाग ज्या क्रमाने आणि ज्या तोंडाने निघाले त्याच क्रमाने जाड तारेत ओवून ठेवा. सिंक्रोचा हब (शाफ्टवर बसणारा मधला भाग) आणि त्यावरची स्लीव्ह (सरकणारं कडं) यांची आपसातली जागा मार्करने खुणावून ठेवा, कारण झिजून त्यांची एकमेकांशी जोडी जमलेली असते. झाकण काढताना डिटेंटच्या, म्हणजे टाकलेला गिअर जागेवर धरून ठेवणाऱ्या, गोळ्या आणि स्प्रिंगा उडतात, तेव्हा वर फडकं धरा. ले शाफ्टचा दांडा ठोकून काढताना त्याच्यामागोमाग तेवढ्याच जाडीची लाकडी किंवा प्लॅस्टिकची बनावट दांडी सरकवत न्या, म्हणजे आतले सुटे नीडल रोलर (सुईसारखे बारीक रोलर) भरभर सांडणार नाहीत. सांडलेच तर ट्रेमध्ये सांडू द्या आणि मोजा. किती होते हा आकडा तुम्हाला पुढे लागणार आहे.

यादीचे तीन कप्पे करा

धुऊन, पुसून, सगळं टेबलावर मांडलं की नवखा माणूस लगेच खरेदीला धावतो. थांबा. आधी प्रत्येक भाग तीनपैकी एका कप्प्यात टाका.

पहिल्या कप्प्यात बाजारातल्या प्रमाणित मापांचे भाग: बेअरिंग, ऑइल सील, सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगी रिंग), डिटेंटच्या गोळ्या, नीडल रोलर, पायलट बुश, बोल्ट. गाडीच्या कंपनीने यातलं फारसं काही स्वतः बनवलेलं नसतं, विकतच घेतलेलं असतं. दुसऱ्यात लेथवर बनवता येणारे साधे भाग: स्पेसर, बुश, थ्रस्ट वॉशर, ले शाफ्टचा सरळ दांडा, पॅकिंग. तिसऱ्यात खरे अवघड भाग: गिअर, सिंक्रोचा हब आणि स्लीव्ह, पितळी रिंगा, स्प्लाइन (अंगावर लांबीच्या दिशेने कापलेल्या खाचा) असलेले शाफ्ट, कवच.

शोध तिसऱ्या कप्प्यापासून सुरू करा. बहुतेक लोक उलट करतात, आधी बेअरिंग आणि सील घेऊन मोकळे होतात, कारण ती सहज मिळतात. मग ले शाफ्टचा क्लस्टर गिअर (एकाच तुकड्यात असलेले अनेक गिअर) मिळतच नाही आणि शेवटी अख्खा दुसरा गिअरबॉक्स आणावा लागतो, ज्याची बेअरिंगं वेगळी निघतात. अवघड भाग हातात आल्यावरच सोप्यांवर पैसे घाला.

एखादा भाग खरंच बदलायला हवा का, याचाही निवाडा इथेच करा, कारण जो भाग वाचतो तो शोधावा लागत नाही. जुन्या सरकत्या गिअरच्या दात्यांचे कोपरे थोडे खरचटलेले असतील तर ते बारीक सहाणेवर गोल करून चालतात. पण दात्याच्या अंगावर, जिथे दाता दात्याला भिडतो तिथे, खड्डे पडले असतील किंवा वरचा कठीण थर पापुद्र्यासारखा निघाला असेल, तर तो गिअर गेला. दाता वेल्डिंग करून भरून देतो म्हणणारे भेटतील. वेल्डिंगच्या उष्णतेने दात्यांना दिलेलं पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरतं आणि शेजारच्या दात्यांनाही तडे जाऊ शकतात. शर्यतीच्या किंवा डोंगराच्या गाडीत मी तो मार्ग कधीच घेणार नाही.

पितळी सिंक्रो रिंग तपासायची रीत सोपी आहे. रिंग तिच्या गिअरच्या शंकूवर हाताने दाबून बसवा आणि रिंगचे दाते व गिअरचे छोटे दाते यांच्यामधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) तीन-चार जागी मोजा. नव्या रिंगला ही फट ठसठशीत असते, झिजत जाते तशी कमी होते. किती फटीला रिंग बाद, हा आकडा तुमच्या गिअरबॉक्सच्या पुस्तिकेतलाच घ्या. रिंगच्या आतल्या बारीक आट्यांच्या कडा धारदार हव्यात. त्या सपाट होऊन चमकत असतील तर रिंग शंकूवरचं तेल कापू शकत नाही आणि गिअर टाकताना खरखर होणारच, फट कितीही असो.

बेअरिंगचा क्रमांक वाचायला शिका

एवढं एक आलं की निम्मे "बंद" झालेले भाग तुमच्यासाठी बंद राहत नाहीत. ६२०७ हा क्रमांक घ्या. शेवटचे दोन आकडे ०७, त्याला पाचने गुणलं की ३५. म्हणजे आतला व्यास ३५ मिलिमीटर. ०४ पासून पुढे ही रीत चालते. त्याखालच्यांची मापं ठरलेली आहेत: ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५ आणि ०३ म्हणजे १७ मिलिमीटर. सुरुवातीचे ६२ हे त्याच्या जाडीचं घराणं सांगतं: ६२०७ चा बाहेरचा व्यास ७२ आणि रुंदी १७, तर त्याच ३५ च्या भोकाचं ६३०७ घेतलं तर बाहेरचा व्यास ८० आणि रुंदी २१. कंपनी कोणतीही असो, हे आकडे बदलत नाहीत.

क्रमांकामागची अक्षरं मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. 'एन' म्हणजे बाहेरच्या कड्यावर सर्क्लिपची खाच, 'एनआर' म्हणजे खाचेसकट सर्क्लिपही. गिअरबॉक्सची पुढची-मागची बेअरिंगं बहुधा याच प्रकारची असतात, आणि खाच नसलेलं बेअरिंग तिथे बसलं तरी जागेवर टिकणार नाही. 'झेड' म्हणजे एका बाजूला पत्र्याची ढाल, जी तेल आत राहावं म्हणून मुद्दाम दिलेली असू शकते. 'सी३' म्हणजे आत जास्त मोकळीक.

जुन्या अमेरिकन गिअरबॉक्समध्ये ६२०७ असं लिहिलेलं दिसणार नाही. न्यू डिपार्चर कंपनी त्यालाच ३२०७ म्हणायची, एमआरसी २०७-एस म्हणायची. माप तेच. याच जुन्या बेअरिंगांत एक प्रकार असा होता की कड्याला एका बाजूने खाच ठेवून तिथून जास्तीच्या गोळ्या भरलेल्या असत. असं बेअरिंग उभा भार जास्त पेलतं, पण शाफ्टच्या दिशेने येणारा रेटा कमी सोसतं. तुमच्या जुन्या बेअरिंगमध्ये अशी खाच दिसली आणि नवं साधं मिळालं, तर बदल करण्याआधी दोन्हींची भारक्षमता सूचिपत्रात बघा. तिरक्या दात्यांच्या गिअरमुळे शाफ्टच्या दिशेने रेटा येतच असतो, त्यामुळे साधं बेअरिंग तिथे अनेकदा चालून जातं, पण तपासून.

नीडल बेअरिंगांच्या नावातही माप दडलेलं असतं. एचके२५२० म्हणजे आत २५ मिलिमीटरचा शाफ्ट आणि २० रुंदी. टॉरिंग्टन कंपनीचं बी-१६१६ असेल तर दोन्ही आकडे इंचाच्या सोळाव्या हिश्शात वाचा, म्हणजे एक इंच शाफ्ट, एक इंच रुंदी. टेपर बेअरिंगला दोन क्रमांक असतात, आतल्या शंकूचा वेगळा आणि बाहेरच्या कपाचा वेगळा, जसे एलएम६७०४८ आणि एलएम६७०१०. दोन्ही लिहून घ्या आणि दोन्ही एकत्रच बदला.

सुटे नीडल रोलर घेताना लांबी आणि व्यास मायक्रोमीटरने मोजा, कॅलिपरने नाही. एका ओळीतले सगळे रोलर एकाच मापगटाचे हवेत. पाच जुने आणि वीस नवे असं मिश्रण केलं तर सगळा भार जाड असलेल्या रोलरवर येतो आणि दांड्यावर चरे पडतात. हरवला एक, तरी पूर्ण ओळ नवी घाला.

ऑइल सीलची तीन मापं असतात: शाफ्टचा व्यास, घराचा व्यास, रुंदी. जुन्या चामडी सीलच्या जागी त्याच मापाचं रबरी सील बिनधास्त बसवा, ते जास्त चांगलं चालतं. टोयोटाच्या जुन्या गाड्यांत ९०३११ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे ऑइल सील, आणि आडव्या रेघेनंतरचे पहिले दोन आकडे बहुधा आतला व्यास मिलिमीटरमध्ये सांगतात. म्हणजे क्रमांक बंद पडला तरी माप त्यातच लिहिलेलं आहे. शाफ्टवर जुन्या सीलने खोबण पाडली असेल तर नवं सीलही गळेल. त्यासाठी पातळ स्टीलची बाही मिळते, भिंतीची जाडी ०.२८ मिलिमीटरच्या आसपास. ती शाफ्टवर चढवली की त्याच मापाचं सील पुन्हा चालतं आणि शाफ्ट बदलावा लागत नाही.

अवघड भागांचा शोध

आता तिसरा कप्पा. पहिली पायरी म्हणजे कंपनीची पार्ट्स सूची मिळवणं. दुरुस्तीची पुस्तिका वेगळी आणि सुट्या भागांची सूची वेगळी, तुम्हाला दोन्ही हव्यात. सूचीत सुटा केलेला गिअरबॉक्स चित्रात दाखवलेला असतो आणि प्रत्येक भागाचा क्रमांक असतो. तो क्रमांक बंद असेल तर त्याच्या जागी आलेला नंतरचा क्रमांक शोधा. कंपन्या भाग सुधारतात तेव्हा क्रमांक बदलतात आणि जुन्याचा धागा नव्याला जोडून ठेवतात. अशा तीन-चार बदल्यांनंतरचा शेवटचा क्रमांक कधीकधी चालू निघतो. शिवाय नुसत्या जुन्या क्रमांकाने विचारलं तर दुकानदाराच्या यंत्रावर "नाही" येतं, म्हणून साखळीतले सगळे क्रमांक घेऊन विचारा. काही कंपन्यांनी बंद झालेले भाग पुन्हा काढायलाही घेतले आहेत. टोयोटाने २०२१ मध्ये लँड क्रूझरच्या ४० मालिकेसाठी असं जाहीर केलं, त्यामुळे चार-पाच वर्षांपूर्वी "बंद" ऐकलेला भागही आज एकदा परत विचारून बघा.

दुसरी पायरी मला सगळ्यात फलदायी वाटते: गाडीच्या नावाने शोधू नका, गिअरबॉक्सच्या नावाने शोधा. अनेक गाडी कंपन्या गिअरबॉक्स बाहेरून घेत. टी-१८ चं वर सांगितलंच. न्यू प्रोसेसचा एनपी४३५ फोर्ड ब्रॉन्कोतही होता आणि फोर्ड-डॉजच्या मालवाहू ट्रकांतही. जनरल मोटर्सचा एसएम४६५ ब्लेझरमध्ये होता आणि त्यांच्याच ट्रकांत १९९१ पर्यंत येत राहिला. छंदाच्या गाडीपेक्षा मालवाहू ट्रक कितीतरी जास्त संख्येने बनले, म्हणून सामान तिकडे मुबलक. एवढंच लक्षात ठेवा की फोर-व्हील ड्राइव्हच्या गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट आणि मागचं घर बहुधा वेगळं असतं, आणि इनपुट शाफ्टची लांबी व स्प्लाइन गाडीगणिक बदलते. ले शाफ्टचा क्लस्टर, मधले गिअर, सिंक्रो, फोर्क (स्लीव्ह सरकवणारे चिमटे) हे बऱ्याचदा जुळतात, तेही दाते मोजूनच.

तिसरी वाट परवान्याखाली बनलेल्या भावंडांची. सीजे-३बी जीप भारतात महिंद्राने आणि जपानमध्ये मित्सुबिशीने बनवली. निसान पेट्रोल ६० भारतात जोंगा म्हणून सैन्यासाठी बनली. लँड रोव्हर स्पेनमध्ये सँटानाने बनवली. लँड क्रूझरचं ब्राझीलमधलं रूप, बँडेरांते, २००१ पर्यंत निघत होतं. मूळ देशात बनणं थांबल्यावरही या देशांत भाग निघत राहिले, म्हणून शोध त्या देशांच्या बाजारातही न्या. पण भावंड म्हणजे जुळं नव्हे. बँडेरांतेत बहुतेक वर्षं मर्सिडीजचं डिझेल इंजिन होतं, तेव्हा इंजिनाला भिडणारे भाग जुळतील असं गृहीतच धरू नका. परवानाधारकांनी कालांतराने स्वतःचे बदलही केले. माप मागवा, मग भाग मागवा.

चौथी वाट सैन्याची. नाटो देशांच्या सैन्यात वापरलेल्या गाडीच्या प्रत्येक भागाला १३ आकडी साठा-क्रमांक असतो. पहिले चार आकडे भागाचा वर्ग सांगतात: २५२० म्हणजे वाहनाच्या गतिसंचारणाचे भाग, ३११० म्हणजे बेअरिंग, ५३३० म्हणजे सील आणि पॅकिंग. पुढचे दोन आकडे देशाचे, ९९ असेल तर ब्रिटन, ०० किंवा ०१ असेल तर अमेरिका. १९७४ च्या आधीच्या अमेरिकन सामानावर ११ आकडीच क्रमांक सापडेल, कारण देशाचे ते दोन आकडे तेव्हा नव्हते. या क्रमांकाने शोधलं की गाडीचं नावही माहीत नसलेल्या अतिरिक्त-साठा विक्रेत्याकडे तुमचा गिअर मेणकापडात गुंडाळलेला मिळू शकतो. वर घट्ट चिकट संरक्षक लेप असेल, तो रॉकेलमध्ये भिजवून काढा.

पाचवी वाट दुसरा भंगार गिअरबॉक्स आणून दोनांतून एक करणं. चांगला मार्ग आहे, पण एक मेख आहे. तुमच्याकडे जो भाग गेला, तोच त्या जातीच्या बहुतेक गिअरबॉक्समध्ये आधी जातो. दुसरा गिअर सुटत असलेला गिअरबॉक्स घरी आहे आणि आणलेल्याचाही दुसराच गेलेला, हे नेहमीचं. म्हणून घेण्यापूर्वी झाकण उघडून दाखवायला सांगा आणि तुम्हाला हवा तोच भाग बघा. तेलात पाणी शिरून दुधी झालेलं असेल तर दात्यांवर गंजाचे खड्डे असणार. कवचाला तडा नाही ना आणि ले शाफ्टच्या दांड्याचं भोक अंडाकृती झालेलं नाही ना, हेही पाहा.

जुन्या गाड्यांच्या मंडळांना मी मुद्दाम शेवटी ठेवतो. त्यांचं महत्त्व कमी नाही, पण तिथे जाताना तुमच्या हातात मापं, दात्यांची संख्या आणि क्रमांक असायला हवेत. "दुसरा गिअर आहे का?" या प्रश्नाला उत्तर देणं जाणकाराला कठीण जातं. "बाहेरचा व्यास इतका, रुंदी इतकी, इतके दाते, आतल्या स्प्लाइन इतक्या, तिरकस उजवी, फोटो सोबत," असं विचारलंत तर माळ्यावर पडलेला गिअर लोक स्वतःहून काढून बघतात.

सरळ दात्यांच्या गिअरचं दात्यांचं माप ओळखायचं असेल तर बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि दात्यांच्या संख्येत दोन मिळवून येणाऱ्या आकड्याने भागा. ३० दाते आणि व्यास ९६ असेल तर ९६ भागिले ३२, म्हणजे मॉड्यूल ३. इंचांच्या गिअरला उलटं: २६ दाते, व्यास साडेतीन इंच, म्हणजे २८ भागिले ३.५, आलं ८. हा आकडा जुळला नाही तर दोन गिअर दिसायला कितीही सारखे असोत, एकत्र चालणार नाहीत. तिरक्या दात्यांना हे गणित थेट लागू होत नाही. गिअर नेहमी जोडीने बदला. नवा आणि झिजलेला एकत्र लावला तर ओरडतो.

जुना-नवा माल घेताना

कधीच न वापरलेला पण दशकानुदशकं पडून राहिलेला माल गिअर आणि पितळी रिंगांसाठी उत्तम. त्या काळचं धातूकाम आणि अचूक माप त्यात मिळतं. मूळ खोक्यातलं ऑइल सील मात्र घेऊ नका, रबर पडून पडून कडक होतं. बेअरिंग असेल तर धुऊन, हलकं तेल लावून, कानाजवळ फिरवून बघा. गंजाचा एक ठिपकाही चालणार नाही. नवं बेअरिंग नावाजलेल्या कंपनीचं म्हणून फारच स्वस्तात मिळत असेल तर सावध व्हा, नकली बेअरिंगांचा धंदा मोठा आहे.

दूरवरून मागवताना विक्रेत्याला कॅलिपर लावलेल्या स्थितीतला फोटो मागा. आकडा दिसला पाहिजे. पितळी रिंगेचा फोटो आतल्या बाजूने, गिअरचा फोटो दोन्ही तोंडांनी. देणार नाही म्हणाला तर तो सौदा सोडून द्या.

मिळालंच नाही तर बनवा

कोणता भाग बनवावा याची माझी चढण अशी आहे. स्पेसर आणि थ्रस्ट वॉशर निःसंकोच बनवा. बुश फॉस्फर ब्रॉंझचा करा, तेलाच्या खोबणी मूळ नमुन्यासारख्याच ठेवा, आणि ठोकून बसवल्यावर भोक आवळतं हे धरून शेवटचं माप बसवल्यानंतर घ्या. ले शाफ्टचा दांडा बनवताना तो नुसता लेथवर कातून भागत नाही. नीडल रोलर थेट त्यावर फिरतात, म्हणून त्याला पाणी देऊन वर ग्राइंडिंग हवंच, नाहीतर काही महिन्यांत त्यावर रोलरचे ठसे उमटतील.

पितळी रिंग बनवणं शक्य आहे, पण शंकूचा कोन आणि आतले आटे अचूक हवेत, शिवाय साधं पितळ चालत नाही, उच्च ताकदीचं हवं. गिअर बनवणं ही शेवटची पायरी. त्यासाठी दाते कापणारं यंत्र, योग्य पोलाद, वरच्या थरात कार्बन मुरवून कठीण करण्याची भट्टी आणि मग ग्राइंडिंग, असं सगळं लागतं. एकट्यासाठी ते फार महाग पडतं. तोच गिअर हवा असलेले पाच-दहा जण गोळा झाले तर परवडतं, आणि मंडळांचा खरा उपयोग इथे होतो. नमुना म्हणून झिजलेला गिअर देऊ नका, कमीत कमी झिजलेला शोधून द्या, नाहीतर झीजही हुबेहूब नक्कल होऊन येईल.

पॅकिंग स्वतः कापता येतं, पण आधी मूळ पॅकिंगची जाडी मोजा. काही गिअरबॉक्समध्ये पुढच्या बेअरिंगच्या टोपीखालचं पॅकिंग शाफ्टची मागेपुढे हालचाल ठरवतं. तिथे जाड कागद घातला तर शाफ्ट हलतो, पातळ घातला तर बेअरिंग आवळलं जातं.

बसवताना आणि नंतर

सगळे भाग आले की आधी कोरडी जुळणी करा. सील, पॅकिंग आणि गोंद न लावता मेन शाफ्ट बांधा, प्रत्येक गिअर हाताने फिरवा, मागेपुढे हालचाल फीलर गेजने किंवा डायल गेजने मोजा. वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवलेल्या भागांत इथेच फरक उघडा पडतो. ती हालचाल जुळवायलाच थ्रस्ट वॉशर वेगवेगळ्या जाडीत असतात. बोल्टांचे आटेही तपासा: जुन्या ब्रिटिश गाडीत ब्रिटिश आटे, अमेरिकनमध्ये इंची, जपानीत मेट्रिक. हाताने दोन-तीन फेरे सहज न गेलेला बोल्ट पान्याने कधीच आवळू नका, ओतीव लोखंडातले आटे जातील.

तेल निवडताना पितळेचा विचार करा. जीएल-५ दर्जाच्या तेलात गंधक-फॉस्फरसचं प्रमाण जास्त असतं आणि त्यातली काही तेलं पितळी रिंगांना खातात. इतक्या कष्टाने मिळवलेल्या रिंगांसाठी पुस्तिकेतला दर्जा पाळा, जुन्या सिंक्रो गिअरबॉक्सना बहुधा जीएल-४ योग्य.

गाडीत चढवण्याआधी टेबलावरच तेल भरून इनपुट शाफ्ट हाताने फिरवत सगळे गिअर टाकून पाहा, रिव्हर्ससकट. पहिली काही शे किलोमीटर ओझं न लादता चालवा आणि मग तेल स्वच्छ पांढऱ्या भांड्यात काढा. नव्या रिंगा बसताना पितळेची अगदी बारीक सोनेरी चमक तेलात दिसते, ती स्वाभाविक आहे. निचऱ्याच्या बोल्टला किंवा तेलात फिरवलेल्या चुंबकाला करडी मऊ पूड लागली तरी हरकत नाही. बोटाला टोचणारा कण किंवा कपची सापडली, तर गाडी तिथेच थांबवा, झाकण उघडा आणि ती कपची कोणत्या भागाची आहे ते तारेत ओवलेल्या जुन्या भागांशी ताडून बघा.